खुर्ची, जिना आणि हृदय

दोन वर्षांपूर्वी ३१ मार्चला माझ्या वडिलांना हृदयविकाराचा पहिला झटका आला. तारीख पक्की लक्षात राहण्याचे कारण म्हणजे तो दिवस त्यांच्या कचेरीत बिलांचा असतो. दुपारी तीनच्या सुमारास छातीवर दडपण आले, दरदरून घाम सुटला, डावा हात खांद्यापासून जड झाला. "पित्त झाले असेल," असे म्हणून त्यांनी सोडा मागवून घेतला आणि सायंकाळी सहापर्यंत बसून उरलेली बिले पुरी केली. घरी आले ते भिंतीला धरूनच. मग रिक्षा, मग रुग्णालय. तेथील डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून दोन प्रश्न विचारले. "तीन तास थांबलात कशासाठी ?" आणि "वडील काम काय करतात ?"

पहिल्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्याला म्हणालो, "कारकून आहेत. एकतीस वर्षे झाली." डॉक्टरांनी नुसती मान हलवली आणि ते कागदावर लिहून घेतले.

वडील वाचले. पण तो दुसरा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. हृदयविकार हा श्रीमंतांचा, तूप-साखर खाणाऱ्या लठ्ठ माणसांचा रोग, अशी आमच्या घरात समजूत होती. वडील अंगाने बारीक, जेवण साधे, सिगारेट कधी ओढली नाही. मग डॉक्टरांना त्यांच्या नोकरीशी काय करायचे होते ? मी समाजशास्त्राचा विद्यार्थी. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकापुरता. तरीही या एका प्रश्नापायी जे वाचले, ते मित्रांपुढे व गुरुजनांपुढे ठेवावे असे वाटले. कारण पदवी हाती पडल्यावर आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येणार आहे ती खुर्चीच.

हृदयाची स्वतःची भूक

हृदय म्हणजे साधारण मुठीएवढा एक स्नायू. मिनिटाला सत्तर ठोके धरले तरी दिवसाला ते सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. सगळ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूलाही रक्त लागते, आणि ते त्याला स्वतःच्या पोकळीतून मिळत नाही. महारोहिणीपासून निघणाऱ्या व हृदयाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या दोन लहान रोहिणींतून ते मिळते. या रोहिणींच्या अस्तरात वर्षानुवर्षे मेद साचत जातो, मार्ग अरुंद होतो. एखादे दिवशी त्या थराला चीर पडते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि पुढच्या स्नायूचा प्राणवायू तुटतो. यालाच आपण झटका म्हणतो. झटका मिनिटांत येतो, पण त्याची तयारी वीस-तीस वर्षे चाललेली असते.

ही तयारी किती लवकर सुरू होते ? १९५३ साली अमेरिकेत एक अहवाल प्रसिद्ध झाला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदये तपासण्यात आली होती. त्यांचे सरासरी वय होते २२. त्यांपैकी सुमारे ७७ टक्के तरुणांच्या हृदयरोहिणींत रोगाच्या काही ना काही खुणा डोळ्यांना दिसल्या. पुढे १९७१ साली व्हिएतनाममधील १०५ सैनिकांचा असाच अहवाल निघाला, त्यात हे प्रमाण ४५ टक्के होते. आकडा कमी झाला, तरी अर्थ बदलला नाही. धडधाकट, कवायती शरीराच्या, आपल्याच वयाच्या मुलांत या रोगाने मूळ धरले होते. तेव्हा हा विषय वडिलांच्या पिढीचा आहे, असे म्हणून आपल्याला सुटका नाही.

लंडनची दुमजली बस

आता डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. माणसाच्या कामाचा व हृदयाचा संबंध पहिल्यांदा नीट मोजून दाखवला तो जेरी मॉरिस या इंग्रज डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करी डॉक्टर म्हणून हिंदुस्थान व ब्रह्मदेश या भागांत होते. युद्धानंतर १९४८ साली लंडनमध्ये समाजवैद्यकाचे एक संशोधन केंद्र सुरू झाले, तेथे ते काम करू लागले. त्या काळी ब्रिटनमध्ये हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या झपाट्याने वाढत होती आणि कारण कोणालाच कळत नव्हते. मॉरिस यांनी ठरवले की, निरनिराळे व्यवसाय करणाऱ्या लोकांची तुलना करून पाहावी.

त्यांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतील ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१,००० पुरुष कामगार निवडले. बस दुमजली. पुढे ड्रायव्हर बसलेला, मागे कंडक्टर तिकिटे फाडीत फिरणारा. दोघे एकाच बसवर, एकाच शहरात, जवळपास सारख्याच पगारावर व सारख्याच वस्तीतून आलेले. फरक एवढाच की, ड्रायव्हर कामाच्या वेळेपैकी सुमारे नव्वद टक्के वेळ बसून असे, तर कंडक्टर दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढे.

निष्कर्ष १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षाला दर हजारी ड्रायव्हरांत हृदयरोहिणींच्या रोगाचे प्रमाण २.७, तर कंडक्टरांत १.९ होते. कंडक्टरांना रोग झालाच तर तो उशिरा होई, आणि पहिल्याच झटक्यात दगावण्याचे प्रमाणही त्यांच्यात ड्रायव्हरांच्या निम्म्याच्या आसपास होते.

शंका घेणारा म्हणेल, लंडनच्या गर्दीत बस हाकायची म्हणजे डोक्याला ताण. ड्रायव्हर बसण्याने नव्हे, ताणाने मरत असेल. मॉरिस यांनाही ही शंका होतीच. म्हणून त्यांनी टपालखात्याकडे मोर्चा वळवला. पत्रे वाटीत पायी व सायकलीवर हिंडणारे पोस्टमन एका बाजूला, आणि त्याच खात्यातील कारकून व टेलिफोनवर बसणारे लोक दुसऱ्या बाजूला. येथे बस हाकण्याचा ताण कोणालाच नव्हता. तरीही हिंडणाऱ्या पोस्टमनांत रोग कमी व बसणाऱ्यांत जास्त आढळला. कारकुनांचा हा उल्लेख वाचताना मला ३१ मार्चची दुपार आठवली, हे सांगितलेच पाहिजे.

गणवेशाच्या मापाची गोष्ट

दुसरी शंका अधिक अवघड होती. कदाचित जाडजूड माणसेच ड्रायव्हरची नोकरी पत्करत असतील व चपळ माणसे कंडक्टरची. तसे असेल तर दोष खुर्चीचा कसा ? मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे उत्तर शोधले ते शिंप्याच्या वहीत. कंपनी कामगारांना गणवेश देत असे, त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचे माप नोंदलेले होते. १९५६ साली त्यांनी ही मापे प्रसिद्ध केली. ड्रायव्हरांच्या पँटी खरोखरच कंडक्टरांपेक्षा रुंद होत्या आणि नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतही हा फरक दिसत होता. म्हणजे शंकेत तथ्य होते, आणि ते त्यांनी लपवले नाही.

पण शोध तेथे थांबला नाही. पुढे त्यांनी सुमारे अठरा हजार मध्यमवयीन सरकारी नोकरांना प्रश्नावली दिली. ही सगळी मेजावर बसणारी माणसे होती. तेव्हा प्रश्न उरला तो कामाबाहेर ती काय करतात याचा. १९७३ साली निष्कर्ष आला की, फावल्या वेळात पोहणे, भरभर चालणे, बागेत कुदळ चालवणे असा जोरकस व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या सुमारे एक-तृतीयांश होते. मॉरिस स्वतः म्हातारपणापर्यंत पोहत व चालत राहिले आणि २००९ साली वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. एका माणसाच्या आयुष्यावरून काही सिद्ध होत नाही हे खरे, पण सांगितलेले त्यांनी पाळले एवढे म्हणता येते.

त्या बसचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ड्रायव्हरनेच तिकीट द्यायचे, अशा बसेस हळूहळू आल्या आणि मागच्या बाजूने उघड्या असलेल्या जुन्या दुमजली बसेस डिसेंबर २००५ मध्ये लंडनच्या नेहमीच्या सेवेतून गेल्या. त्यांच्याबरोबर पायऱ्या चढणारा कंडक्टरही गेला. आपल्याकडेही वेगळे काय झाले ? पूर्वी कचेरीत फाइल आणायला दप्तरखान्यात जावे लागे, निरोप द्यायला दुसऱ्या मजल्यावर जावे लागे, बँकेत रांगेत उभे राहावे लागे. आता ही सगळी कामे बोटाखाली आली. त्यात सोय झाली यात शंका नाही. पण पूर्वी पगाराबरोबर फुकट मिळणारे श्रम कामातून वजा झाले, आणि ते भरून काढण्याची जबाबदारी कोणाची हे कोणी ठरवले नाही.

चालणारा शिपाई का मरतो ?

येथपर्यंत वाचून मला वाटले, उत्तर सापडले. चाला आणि जगा. पण समाजशास्त्राच्या तासाला सरांनी एका प्रश्नाने माझी गाडी अडवली. "तुझ्या वडिलांच्या कचेरीत सर्वांत जास्त चालतो कोण ?" मी म्हणालो, शिपाई. सर म्हणाले, "मग तो साहेबापेक्षा जास्त जगतो का ?"

या प्रश्नाचे उत्तर लंडनमध्येच, व्हाइटहॉल या सरकारी कचेऱ्यांच्या भागात मिळाले आहे. १९६७ साली तेथील सुमारे अठरा हजार पुरुष नोकरांची पाहणी सुरू झाली. मायकेल मार्मट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली तिचे निष्कर्ष मांडले. सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपाई व दारवान यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या ३.६ पट होते. मधल्या श्रेणी पायरीपायरीने मध्येच. खालच्या श्रेणीत धूम्रपान जास्त होते, रक्तदाबही काहीसा जास्त होता, पण या सगळ्यांचा हिशेब केला तरी फरकाचा काही भागच उलगडत होता.

१९८५ पासून याच कचेऱ्यांत दुसरी पाहणी सुरू झाली. तिच्यात दहा हजारांवर पुरुष व स्त्रिया होत्या. तिच्यातून पुढे आलेली गोष्ट अशी की, आपले काम कसे व केव्हा करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांच्यात हृदयविकार अधिक. म्हणजे साहेबाला काम जास्त असेल, पण उठायचे केव्हा हे तो ठरवतो. शिपाई घंटेवर उठतो आणि घंटेवर बसतो. वडील ३१ मार्चला छातीत कळ असताना उठले नाहीत, ते केवळ अज्ञानाने नव्हे. उठलो तर बिले कोण पुरी करणार, आणि उद्या बोलणी कोण खाणार, ही भीतीही त्या खुर्चीत बसलेली होती. डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला असे उशिरा सापडले.

कामाच्या तासांबद्दलही आता पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून एक अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी, तर पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. रात्री उशिरापर्यंत दिवा जळणारी कचेरी कर्तबगार, हा समज आपण सोडायला हवा.

मग करावे काय ?

जगातील ५२ देशांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की, पहिल्या झटक्याचा बहुतांश धोका नऊ गोष्टींत सामावलेला आहे : धूम्रपान, रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्या न खाणे, मद्यपान व व्यायामाचा अभाव. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आल्याचे दिसले. इतरांना तो जवळजवळ सहा वर्षे उशिरा येतो. वडिलांचे वय तेव्हा ५२ होते. तेव्हा आपल्या लोकांनी इतरांपेक्षा लवकर जागे व्हायला हवे.

पहिली गोष्ट तंबाखूची. वडिलांनी सिगारेट ओढली नाही असे मी वर लिहिले, पण चुना लावलेल्या तंबाखूची डबी त्यांच्या खिशात तीस वर्षे होती, आणि तिला आम्ही कोणी व्यसन मानले नव्हते. न जाळता खाल्लेली तंबाखू व मशेरी यांतही निकोटीन असते, आणि निकोटीन रक्तदाब व नाडीची गती वाढवते. आपल्या देशात सार्वजनिक जागी व कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत, तरी कचेरीच्या जिन्याखालचा कोपरा पाहिला म्हणजे नियम व सवय यांतले अंतर कळते. धूम्रपान सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे सोडायला उशीर झाला, असे कधीच नसते.

दुसरी गोष्ट मिठाची. प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. डब्यातले लोणचे, पापड, चहाबरोबरची खारी, फरसाण आणि ताकात वरून घातलेले मीठ यांची बेरीज केली तर तो चमचा दुपारीच भरतो. रक्तदाब मात्र दुखत नाही, म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. वडिलांचा रक्तदाब रुग्णालयात जाईपर्यंत कोणी मोजलाच नव्हता.

तिसरी गोष्ट चालण्याची. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम करावेत, म्हणजे निदान पाच दिवस रोज अर्धा तास भरभर चालावे. ही मिनिटे एकदम जमली नाहीत तर तुकड्यातुकड्यांनी चालतात. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०१६ साली केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, दिवसाला आठ तासांहून अधिक बसणाऱ्यांचा वाढलेला धोका नाहीसा व्हायला रोज ६० ते ७५ मिनिटे श्रम लागतात. एवढे ज्यांना जमत नाही त्यांनी निदान बसणे मोडावे : पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता उठून पाणी प्यावे, फोन उभ्याने घ्यावा, फाइल स्वतः नेऊन द्यावी. ज्यांना आधीच हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच श्रम वाढवावेत.

आणि चौथी गोष्ट, जी आमच्या घराने महागात शिकली. छातीवर दडपण, घाम, दम लागणे, हातात वा जबड्यात जाणारी कळ, यांतले काही दिसले तर सोडा-ओवा करीत बसू नये. आपल्या राज्यात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गुठळी विरघळवणारे व मार्ग मोकळा करणारे उपचार जितके लवकर, तितका स्नायू वाचतो. स्त्रियांत तर कधीकधी नुसता थकवा व मळमळ एवढीच लक्षणे असतात, हे आपल्या आयांना आवर्जून सांगावे.

एकट्याने होत नाही

या सूचना वाचून कोणी म्हणेल, हे सगळे आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असते, पण घडत नाही. कारण सवय ही एकट्याची नसते. फिनलंडच्या नॉर्थ कारेलिया या प्रांतात तरुण पुरुष हृदयविकाराने फार मोठ्या प्रमाणात मरत असत. १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या पुढाकाराने तेथे काम सुरू झाले. त्यांनी केवळ रुग्णांना उपदेश केला नाही. गावोगावच्या गृहिणींच्या मंडळांना बरोबर घेतले, कमी मिठाचे सॉसेज करायला कारखानदारांना लावले, लोण्याऐवजी वनस्पतिजन्य तेल रुजवले, दूध विकणाऱ्या शेतकऱ्यांना बोरांसारखी फळे पिकवण्यास मदत केली. पुढच्या सुमारे चाळीस वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक कमी झाले. सारे गाव बदलले म्हणून माणूस बदलला.

वडिलांच्या कचेरीत मी हेच लहान प्रमाणात पाहिले. रजा संपवून ते कामावर गेले तेव्हा डॉक्टरांनी सांगितले होते, सावकाश दोन जिने चढत जा. पण जिना पहिल्या मजल्यापासून पुढे बंद होता. तेथे जुनी दप्तरे, मोडकी कपाटे व खुर्च्या रचलेल्या होत्या. वर जाण्याचा मार्ग एकच, लिफ्ट. वडिलांनी जिना मोकळा करण्याबद्दल अर्ज दिला. अर्ज पाच महिने फिरला. शेवटी साहेबांची तोंडी परवानगी घेऊन एका सुट्टीच्या शनिवारी वडिलांचे चार सहकारी आणि मी, असे पाच जण गेलो व ते सामान तळमजल्यावरच्या खोलीत हलवले. वडिलांना आम्ही काही उचलू दिले नाही. ते पायरीवर बसून कोणते दप्तर कोठे ठेवायचे ते सांगत होते.

आता ते रोज जिन्याने जातात. मधल्या वळणावर अर्धा मिनिट थांबतात. तंबाखूची डबी घरी कपाटावर रिकामी पडून आहे. सगळी कचेरी जिन्याने जाऊ लागली असे मी लिहिले तर ते खोटे होईल. लिफ्टपुढे रांग अजून असते. पण तीन-चार जण वडिलांबरोबर चढतात, आणि मार्चअखेरीस कोणाला बरे वाटेनासे झाले तर बिले दुसऱ्याने पुरी करायची, असे त्या चौघांनी आपसांत ठरवले आहे. मला वाटते, औषधांइतकाच हा ठरावही महत्त्वाचा आहे.

आपल्या महाविद्यालयाला लिफ्ट नाही, म्हणून पहिल्या वर्षी मी फार कुरकुर केली होती. ज्या मित्रांना पायांचा त्रास आहे त्यांच्यासाठी ती हवीच, आणि ती मागणी मी आजही करीन. पण आपल्यापैकी इतरांनी दुसऱ्या मजल्यावरच्या ग्रंथालयाचा जिना आनंदाने चढावा. आणखी दोन-तीन वर्षांनी आपण कोठल्या ना कोठल्या कचेरीत, शाळेत वा बँकेत खुर्ची घेऊ. त्या दिवशी पगार व रजा यांच्याबरोबर आणखी एक चौकशी करावी, एवढीच विनंती : येथला जिना मोकळा आहे ना ?